मागून येणाऱ्याला दिसलं पाहिजे

“मॅडम, उद्यापासून आमी येत न्हाई.”

सुमनबाई ऑफिसच्या दारात उभी होती. चपला बाहेर काढलेल्या, डोक्याला बांधलेल्या रुमालावर कापसाचे तंतू. तिच्या मागे आणखी तिघी. एरवी ह्या पाच जणी असायच्या. पाचवी, शांता, आदल्या संध्याकाळपासून परळीच्या दवाखान्यात होती.

“कावून? झालं काय ते नीट सांगा,” मी म्हणाले.

“काय सांगायचं? काल सुटी झाल्यावर निगालो. आमी चौघी पुढं, शांता मागं. मागून उसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीचा कोपरा शांताच्या हँडलला लागला आन ती सायकलीसगट नालीत. हात मोडला. डोस्कं वाचलं तेवढं.”

“ट्रॅक्टरवाला पळाला?”

“न्हाई ओ. थांबला. त्यानंच तिला उचलून जीपमदी बसवलं. लई घाबरला व्हता. सारखं एकच म्हनत व्हता, बाई, तुमी मला दिसल्याच न्हाई.”

मी सिरसाळ्याच्या पुढे, हमरस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका जिनिंग-प्रेसिंग मिलमध्ये सेफ्टी आणि ॲडमिन बघते. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं. उरते ती रुई. प्रेसिंग म्हणजे त्या रुईच्या दाबून गाठी बांधणं. माझं काम आग लागू न देणं, कुणाचा हात मशीनमध्ये जाऊ न देणं, आणि उरलेल्या वेळात हजेरी, कॅन्टीनचा चहा आणि नळाला पाणी का नाही ह्याचा तपास करणं. आमच्या धंद्यात सगळे आगीला भितात. रस्त्याला कुणी भीत नाही, कारण रस्ता गेटच्या बाहेर असतो.

ह्या पाच जणी हिवरवाडीच्या. कापूस मशीनवर जाण्याआधी त्यातला कचरा हातानं वेचायचं काम त्यांचं. पालापाचोळा, कवडी म्हणजे किडका डागी कापूस, खताच्या पोत्याचे प्लॅस्टिकचे धागे, केस. ह्याला आम्ही कंटॅमिनेशन म्हणतो. एक निळा धागा गाठीत गेला, तो पुढे सूतगिरणीत सुतात गेला, तर कापडावर रेघ उठते आणि गाठी घेणारी पार्टी पुढच्या खेपेला आपल्याकडे बघत नाही. वेचणाऱ्या बाया पुष्कळ मिळतात. चालत्या पट्ट्यावर पांढऱ्यातला पांढरा धागा ओळखणाऱ्या मिळत नाहीत. सुमनबाई तो ओळखते.

वाडीहून पूर्वी एक ऑटो यायचा. तो बंद पडला तेव्हा सुमनबाईनं लेकीची शाळेत मिळालेली सायकल काढली. लेक बीडला कॉलेजला गेलेली, सायकल गोठ्यात उभी होती. चाळिशी ओलांडलेली ही बाई शेताच्या बांधावर पडत-झडत सायकल शिकली. मग बाकीच्या चौघींना तिनंच शिकवलं. नेसलेल्या साडीवर पुरुषाचा शर्ट, डोक्याला रुमाल, पुढच्या बास्केटमध्ये डबा. दिवाळीपर्यंत सगळं ठीक चाललं. दिवाळीनंतर दिवस लहान झाला आणि सीझन मात्र वाढला. सुटी सहाला. हातपाय धुऊन गेटबाहेर पडेपर्यंत अंधार. त्यात रस्ता नवा सिमेंटचा, गाड्या सुसाट.

“घरचे काय म्हणतात?” मी विचारलं.

“काय म्हनतील? मालक म्हनले, बास झालं.”

‘मालक’ म्हणजे तिचा नवरा मारुती. गवंडीकाम करतो.

“मला थोडे दिवस द्या,” मी म्हणाले. “तोवर तुम्ही पाचलाच निघा. उजेडात घरी जा.”

सुमनबाईनं मागे वळून बाकीच्यांकडे बघितलं. “बघा मॅडम. पन आमच्या घरच्यास्नी नुसतं बोलून पटायचं न्हाई.”

मी आमच्या मालकाकडे गेले. महालिंगअप्पा. सगळे त्यांना अप्पाच म्हणतात. कपाळाला भस्म, टेबलावर कापसाची नमुन्याची पुडकी, कानाला फोन. माझं बोलणं त्यांनी फोन न ठेवता ऐकलं.

“मॅडम, गेटच्या बाहेर आपली जबाबदारी हाय का?”

“कागदावर नाही.”

“मंग?”

“मग ह्या गेल्या तर पट्ट्यावर कोण बसवायचं ते सांगा.”

त्यांनी फोन ठेवला. “पाचला सोडलं तर?”

“कापसाच्या गाड्या खाली होतात त्याच वेळेला. ढीग तसाच राहील. न वेचता मशीनवर घालावा लागेल.”

“आपली पिकअप देऊ सोडायला?”

“मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत. मीच बोर्ड लावलाय.”

अप्पा हसले. “तुमचे बोर्ड लई हायेत, मॅडम. बरं, करा काय करायचं ते. पन ह्या आठवड्यात. पाचची सुटी मी जास्ती चालू देनार न्हाई.”

मी आधी परळीच्या बाजारातून दिवे आणले. रबराच्या पट्ट्यानं गुंडाळायचे, बोटाएवढे. लाल मागे, पांढरा पुढे, बटण दाबलं की लुकलुकतात. दुकानात डोळे दिपले माझे. चार सायकलींना लावले. पण आमच्या कामाचा एक नियम आहे: एखादी वस्तू बसवली म्हणजे ती चालते असं धरायचं नाही. आग विझवायचा सिलिंडरसुद्धा आपण वापरून बघतो. म्हणून मी बायांना लगेच रस्त्यावर पाठवलं नाही. मिलच्या गेटपासून हमरस्त्यापर्यंत आमचा स्वतःचा लांब रस्ता आहे. तिथं चाचणी घ्यायची ठरवली.

दिवस मावळल्यावर मी पिकअपमध्ये बसले. चालवायला रफिकभाई. हे मिलचे जुने ड्रायव्हर, सिरसाळ्याचेच. समोरून येणारी गाडी म्हणून वॉचमनची मोटरसायकल आमच्याकडे तोंड करून, हेडलाइट चालू ठेवून उभी केली. पुढे सुमनबाई आणि कमल सायकलवर.

“रफिकभाई, मला खूश करायला काही बोलू नका. दिसेल तेवढंच सांगा.”

“जी, मॅडम.”

गाडी निघाली. सायकली लांब होत्या तेव्हा दोन लाल ठिपके दिसत होते. मग मोटरसायकलचा उजेड समोरून डोळ्यांत आला आणि ठिपके गेले. विझले नव्हते, पण त्या पांढऱ्या झोतात ते बुडून गेले. मला तर सायकली कुठे आहेत हेच कळेना.

“सुमनबाई कुठंय?” मी विचारलं.

“न्हाई दिसत. कमल दिसती.”

“कमलचा दिवा दिसतो?”

“दिवा न्हाई, पाय दिसतो. ते बघा, वरखाली, वरखाली.”

मी नीट बघितलं. कमलच्या पायडलला कंपनीतून आलेले पिवळे रिफ्लेक्टर शाबूत होते. रिफ्लेक्टर म्हणजे स्वतः न जळणारा, पण आपल्यावर पडलेला उजेड आल्या वाटेनं परत पाठवणारा तुकडा. पिकअपचा उजेड त्यावर पडत होता आणि पाय फिरेल तसा तो नाचत होता. नाचणारी गोष्ट बघून कुणालाही कळतं की हा माणूस आहे, मैलाचा दगड नाही.

गाडी थांबवून उतरलो. सुमनबाईचा मागचा दिवा सीटच्या खांबाला लावलेला. चालवता चालवता त्याच्यावर तिच्या शर्टाचा घोळ आला होता. पुढचा दिवा हँडलला, आणि हँडलच्या पुढे बास्केट, बास्केटमध्ये डब्याची पिशवी. म्हणजे पुढचा दिवा पिशवीला उजेड दाखवत होता.

“मॅडम, डबा लई चांगला दिसत व्हता मला,” सुमनबाई म्हणाली. बाया हसल्या. मीही हसले. पण रफिकभाई हसले नाहीत. ते म्हणाले, “ह्या माघारी येताना कमलचा दिवा, मधी डबा न्हाई म्हनून, थेट डोळ्यात आला माझ्या. ड्रायवरचे डोळे दिपले तर तो तुमाला काय वाचवनार?”

ते दिवे मी सगळे काढून ठेवले.

पुढचे दोन-तीन दिवस मी ह्याच कामाच्या मागे होते. जेवणाच्या सुटीत वाचायचं, घरी जाताना दुकानं फिरायची, नमुन्याला एकेक दिवा आणायचा. तुम्हाला थोडक्यात सांगते, कारण हे कुणालाही उपयोगी पडेल.

खोक्यावर लुमेन लिहिलेलं असतं. दिवा एकूण किती उजेड टाकतो त्याचं ते माप. दुकानदार तो आकडा दाखवून दिवा विकतो. पण उजेड किती ह्याच्याइतकंच तो जातो कुठे हेही महत्त्वाचं. साधा टॉर्चसारखा दिवा गोल झोत टाकतो. त्यातला अर्धा झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चांगल्या दिव्याच्या काचेची घडण अशी असते की झोत वरून कापलेला असतो, मोटरसायकलच्या डिपरसारखा. सगळा उजेड खाली रस्त्यावर. असा दिवा आकड्यानं कमी असला तरी खड्डा आधी दाखवतो.

मागचा लाल दिवा नुसता लुकलुकणारा नको. लुकलुकण्यानं लक्ष जातं हे खरं, पण अंतराचा अंदाज येत नाही. दिवा क्षणभर असतो, क्षणभर नसतो, मागच्याला कळत नाही सायकल जवळ आहे की लांब. म्हणून मागे दोन दिवे. एक स्थिर, एक लुकलुकणारा. एक बंद पडला तरी दुसरा आहेच. आमच्या भाषेत ह्याला बॅकअप म्हणतात. मिलमध्ये पाण्याचे पंप दोन असतात ते ह्याचसाठी.

घरी मी रोज एक दिवा संध्याकाळी पेटवून बादलीत ठेवायचे आणि वरून मग्यानं पाणी ओतायचे. पहाटे दव पडतं, अवकाळी येतो, दिवा भिजणारच. माझ्या नवऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, “हा कुठला नवस?” दुसऱ्या दिवशी तो स्वतःच सांगायला आला, “तुझा एक गेला बघ, जेवणाच्या आधीच.” खोक्यावर मात्र रात्रभर चालेल असं छापलेलं. तेही खोटं म्हणता येत नाही. सगळ्यात मंद ठेवला तर चालतो रात्रभर. पण मंद ठेवायचा असेल तर लावायचा कशाला?

एका सायकलीला डायनॅमो लावून बघितला. चाकाला घासून वीज करणारी ती जुनी बाटली. बॅटरीची कटकट नाही म्हणून मला आवडला होता. कमल एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, “चढाला मांड्या भरून येत्यात. आन थांबलं की अंधार.” थांबलं की अंधार हे चालण्यासारखं नव्हतं. सायकलवाला थांबलेला असतानाही त्याला मागून धडक बसू शकते. डायनॅमो बाद.

शेवटी ठरलं ते असं. पुढे झोत कापलेला दिवा, बास्केटच्या खाली, चाकाच्या चिमट्यावर, स्क्रूनं आवळलेला. मागे एक दिवा कॅरिअरच्या दांडीला, एक मडगार्डला, दोन्ही शर्टाच्या घोळाच्या खाली. रबरी पट्टे नकोत, उन्हानं तडकतात. पायडलला रिफ्लेक्टर. मडगार्डवर आणि चाकाच्या बाजूला ट्रकच्या मागे लावतात ती चमकपट्टी, जिला आपल्याकडे सगळे रेडियम म्हणतात. दिवे चार्जिंगचे, आणि चार्जिंगच्या भोकावर घट्ट रबरी झाकण. हे झाकण आमच्यासाठी फार गरजेचं. मिलमध्ये रुई हवेत उडत असते. एका नमुन्याच्या दिव्याचं झाकण सैल होतं, त्याच्या भोकात दोन दिवसांत बोंड भरल्यासारखी रुई भरली.

मग आला चार्जिंगचा प्रश्न. वाडीत संध्याकाळची वीज भरवशाची नाही. असली तर घरातला एकुलता चार्जर मुलांच्या मोबाइलला. दिवे मिलमध्येच चार्ज करायला हवेत. आणि मिलमध्ये कुठलाही चार्जर लावायचा नाही, हा नियम माझाच. कापसाला ठिणगी पुरते.

अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांना भलताच आनंद झाला. “आता सांगा मॅडम. तुमचा बोर्ड मोडायचा का तुमचे दिवे?”

“दोन्ही नाही मोडायचे.”

गेटजवळ वॉचमनची खोली आहे. कापसाच्या ढिगापासून चांगली लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. मी तिथं भिंतीवर पत्रा ठोकून घेतला, त्यावर बोर्ड, बोर्डाला वेगळी एमसीबी. एमसीबी म्हणजे गडबड झाली की आपोआप वीज तोडणारं बटण. नियम केला: दिवे फक्त दिवसा, वॉचमन समोर असताना चार्ज करायचे. फुगलेला, गरम झालेला दिवा सरळ वाळूच्या बादलीत. बाया सकाळी आल्या की दिवे त्या खोलीत देतील, जाताना घेऊन लावतील.

अप्पा स्वतः येऊन खोली बघून गेले. पत्र्यावर बोटं वाजवली. “खर्च कशात घालू?”

“हातमोजे, मास्क ज्यात घालता त्यात. पीपीई.” पीपीई म्हणजे अंगाला इजा होऊ नये म्हणून मालकानं कामगाराला द्यायच्या वस्तू.

“सायकलीचा दिवा अंगाला लावायचा असतो का?”

“अप्पा, ट्रॉली अंगालाच लागते.”

ते फोन कानाला लावून निघून गेले. पण दिवे आले.

पुन्हा चाचणी घेतली. तीच मोटरसायकल, तोच उजेड, तेच रफिकभाई. ह्या वेळी समोरच्या झोतात लाल दिवे फिके पडले पण बुडाले नाहीत, आणि खाली पाय नाचत राहिले. रफिकभाईंनी पिकअप आपण होऊन हळू केली आणि बाजूनं लांबून काढली. “आता दिसतंय बाई चाललीय म्हनून,” ते म्हणाले. मला तेवढंच ऐकायचं होतं.

आता राहिला मारुती. मी माझी स्कूटी घेऊन दुपारी हिवरवाडीला गेले. तो एका घराच्या भिंतीला गिलावा करत होता. थापी हातातच ठेवून त्यानं माझं ऐकून घेतलं.

“दिव्यानं ट्रॅक्टर थांबतो का, मॅडम?”

“नाही थांबत. पण ड्रायव्हरला आधी दिसलं तर ब्रेक मारायला वेळ मिळतो.”

“तुमी स्कुटीवर फिरनार, आन आमच्या बायास्नी सायकलीवर धाडनार. तुमी जाता का असल्या अंधारात सायकलीवर?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. सरळ प्रश्न होता. आणि माझ्याकडे त्याचं सरळ उत्तर एकच होतं.

“उद्या येते. ह्यांच्याबरोबर, शांताच्या सायकलीवर. वाडीच्या फाट्यावर उभे राहा.”

कॉलेज सुटल्यापासून मी सायकल चालवली नव्हती. हे मी त्याला सांगितलं नाही. शांताची सायकल दुरुस्त करून, दिवे लावून मिलमध्येच ठेवली होती. संध्याकाळी तिच्यावर मिलच्या रस्त्यावर चार फेऱ्या मारून बघितल्या. वॉचमन तोंड फिरवून उभा राहिला, हसू दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही पाच जणी निघालो. पुढे सुमनबाई, तिच्या मागे मी, मग इतर दोघी, शेवटी कमल. सुमनबाईची ताकीद होती, “मॅडम, माज्या मागच्या दिव्याकडं बघू नका, रस्त्याकडं बघा. न्हाईतर माज्या अंगावर येताल.” हमरस्त्याला लागलो आणि पहिला ट्रक शेजारून गेला तेव्हा माझं हँडल थरथरलं. ट्रकच्या वाऱ्यानं सायकल ओढली जाते हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. प्रत्यक्षात मी हँडल दोन्ही हातांनी आवळून धरलं. पण थोड्या वेळानं एक गोष्ट ध्यानात यायला लागली. मागून येणाऱ्या गाड्यांचा आवाज जवळ आला की बदलत होता. ड्रायव्हर पाय काढत होते. समोरच्या एका बसनं आपण होऊन डिपर मारला, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली केला. मला आत कुठेतरी बरं वाटलं.

ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडे एक वळण आहे. सुमनबाई वळणावर गेली आणि ओरडली, “थांबा! थांबा समद्या!”

तिच्या दिव्याच्या झोतात रस्त्यावर उसाची वाढी, म्हणजे तोडलेले हिरवे शेंडे, पसरलेली होती. त्याच्या पुढे काळी भिंत. बंद पडलेली उसाची ट्रॉली. ट्रॅक्टर जोडलेला, एक चाक काढलेलं, खाली दगड लावलेले. माणूस कुणी नाही. मागे दिवा नाही, रेडियम नाही, साधी फांदीसुद्धा लावलेली नाही. जुन्या सवयीनं अंधारात चाललो असतो तर आम्ही पाचही जणी त्या उसात शिरलो असतो.

“खाली घ्या, सायकली खाली घ्या,” मी म्हणाले. आम्ही कच्च्यात उतरलो. आणि तेवढ्यात मागून, लांबून, एका गाडीचे दिवे दिसले. वेगात येत होती.

तिला वळणापर्यंत ट्रॉली दिसणार नव्हती. वळणानंतर दिसून उपयोग नव्हता.

रस्त्याचं काम चालू असतं तेव्हा माणसं वाहनांना एकदम अडवत नाहीत. लांबून तिरक्या रांगेत कोन लावत आणतात, म्हणजे ड्रायव्हर आपोआप बाजूला सरकतो. ते मी ट्रेनिंगमध्ये कितीदा तरी शिकवलंय. माझ्याजवळ कोन नव्हते. सायकली होत्या.

“वळणाच्या मागं चला! सायकली स्टँडवर लावा, तिरक्या, एकीच्या मागं एक. दिवे मागच्या बाजूला. आणि तुम्ही स्वतः शेतात उतरा. सायकलीजवळ कुणी थांबायचं नाही!”

“सायकलीला काय झालं तर?” कमल ओरडली.

“होऊ दे!”

सुमनबाई सगळ्यात पुढे धावली. पदर कमरेला, सायकल हातात. सगळ्यात मागचं, म्हणजे गाडीच्या सगळ्यात जवळचं टोक तिनं धरलं. सायकल स्टँडवर घातली, मागचा दिवा येणाऱ्या गाडीकडे तोंड करून आहे ना हे वाकून बघितलं आणि मग बांधावरून खाली उडी मारली. तेवढा क्षण मला फार लांब वाटला. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते हे मला नंतर कमलनं सांगितलं.

लाल दिव्यांची तिरकी रांग रस्त्यावर उभी राहिली. पाच स्थिर, पाच लुकलुकणारे. गाडीचा आवाज बदलला. टायर किंचाळले. काळीपिवळी जीप होती, माणसांनी भरलेली, टपावर गाठोडी. ती सायकलींच्या बाजूनं सरकत वळणाच्या तोंडाशी येऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, तावातावानं.

“काय बे हे! रस्त्यात सायकली लावतेत का?”

सुमनबाई शेतातून वर आली. तिनं फक्त हात पुढे केला. तो दोन पावलं वळणाच्या पुढे गेला. ट्रॉलीच्या मागून बाहेर आलेला ऊस त्याच्या छातीच्या उंचीवर होता. त्यानं तो हात लावून बघितला. मग परत आला, जीप कडेला घेतली, चारही इंडिकेटर चालू केले आणि स्वतः मोबाइलची बॅटरी लावून मागे जाऊन उभा राहिला. जीपमधली एक म्हातारी सारखी विचारत होती, “काय झालं रं? काय झालं?” तिला कुणीच सांगत नव्हतं.

ट्रॉलीवाला थोड्या वेळानं दुरुस्त केलेला टायर मोटरसायकलवर घेऊन आला. पोरगेला, ग्रीसनं माखलेला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. माझ्या पिशवीत रेडियमची उरलेली गुंडाळी होती. ती त्याच्या हातात दिली आणि माझ्यासमोर ट्रॉलीच्या मागे आडवी-उभी चिकटवून घेतली.

आम्हाला उशीर झाला म्हणून मारुती फाट्यावरून चालत आला होता. “लांबून लाल दिवे दिसले,” तो म्हणाला. “मला वाटलं पोलिसांनी रस्ता बंद केला.” त्यानं जीप बघितली, ट्रॉली बघितली, मग रांगेतली बायकोची सायकल बघितली. सुमनबाई तिच्या हँडलला लागलेला चिखल पुसत होती.

“उद्या किती वाजता सुटी, मॅडम?” त्यानं विचारलं.

“सहाला.”

“बरं,” तो म्हणाला, आणि शांताची सायकल माझ्या हातातून घेऊन चालायला लागला. 

त्या सीझनला चौघी शेवटच्या गाठीपर्यंत आल्या. प्लॅस्टर निघाल्यावर शांताही आली. आधी ती सायकलवर बसायला तयार नव्हती. सुमनबाई रोज तिच्या मागे राहून तिला घेऊन यायची. एक पुढचा दिवा आठवडी बाजारात चोरीला गेला, एक मागचा पावसाशिवायच बंद पडला, तेव्हा त्याचा जोडीदार चालू होता. मिलमधल्या सायकलवाल्या पुरुषांनी आधी टिंगल केली आणि मग वॉचमनच्या खोलीत आपले दिवे आणून ठेवायला लागले. अप्पा आता बाहेरच्या पार्ट्यांना ती खोली मुद्दाम दाखवतात. कल्पना कुणाची हे ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. पुढच्या सीझनचे दिवे त्यांनी न मागता आणले.

तुम्हाला सायकलीला दिवा घ्यायचा असेल तर दुपारी जाऊ नका. अंधार पडल्यावर जा. दिवा दुकानदाराच्या हातात द्या, त्याला रस्त्याच्या पलीकडे लांब उभं करा, आणि मधून गाड्या जाऊ द्या. तो कुरकुर करेल. करू द्या. गाड्यांच्या उजेडातही त्याच्या हातातला दिवा दिसत राहिला तरच विकत घ्या.